पुढचं ऐकायला मागचं आठवावं लागतं

आधुनिक प्रोग्रेसिव्ह रॉकमधला एखादा अल्बम कुणाला सुचवायची वेळ आली, की मी आधीच अट घालते: तीनदा ऐक, मग बोलू. समोरचा जरा बिचकतो. गाणं आवडायचं असेल तर पहिल्या फटक्यात आवडतं, नाहीतर नाही, असा बहुतेकांचा अनुभव असतो आणि बहुतेक संगीताला तो लागूही पडतो. प्रॉगचं तसं होत नाही. (प्रॉग म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक, रॉकमधलीच लांब आणि गुंतागुंतीच्या रचनांची शैली. ऐकणाऱ्यांत हा शब्द इतका रुळलाय, की पूर्ण नाव घ्यायच्या भानगडीत कुणी पडत नाही.) पहिल्या वेळी कानावर नुसता पसारा येतो. ठेका कुठे धरावा कळत नाही. धून हाती लागली म्हणेपर्यंत निसटते. दहा मिनिटं झाली तरी गाणं संपत नाही, आणि जेव्हा संपतं तेव्हा पुढचं कधी सुरू झालं हे लक्षात येत नाही. यात ऐकणाऱ्याचं काही कमी पडलेलं नसतं. हे संगीत त्याच्या आठवणीच्या भरवशावर रचलेलं असतं, आणि पहिल्या वेळी त्याच्याकडे त्या संगीताची आठवणच नसते.

मला या संगीतात जे सगळ्यात मोलाचं वाटतं, ते सगळं या एका गोष्टीतून येतं. लांबी, अवघड ताल, एकाला एक जोडलेली गाणी, हे सगळं त्यासाठीच्या सोयी आहेत. काही मिनिटांपूर्वी, कधी काही वर्षांपूर्वी ऐकलेलं ऐकणाऱ्याच्या मनात शिल्लक आहे असं धरून हे लोक संगीत लिहितात.

जानेवारी २००६ मध्ये लंडनमधल्या एका फ्लॅटचं भाडं खूप थकलं म्हणून तो ताब्यात घ्यायला माणसं गेली. आत टीव्ही चालू होता. तिथे राहणारी जॉइस व्हिन्सेंट दोन वर्षांहून अधिक काळापूर्वीच वारली होती. ख्रिसमससाठी कागदात गुंडाळून ठेवलेल्या भेटवस्तू तिच्याजवळ पडल्या होत्या. वय अवघं ३८. ती माणसांपासून तुटलेली, विचित्र स्वभावाची कुणी नव्हती. बहिणी होत्या, मित्रमैत्रिणी होत्या, चांगल्या नोकऱ्या करून झाल्या होत्या. तरी एवढ्या काळात कुणाला तिची उणीव भासली नाही. कॅरल मॉर्ली यांनी २०११ मध्ये तिच्यावर माहितीपट केला. तो पाहून ब्रिटिश संगीतकार स्टीव्हन विल्सनच्या मनात जे सुरू झालं, त्यातून २०१५ चा 'हँड. कॅनॉट. इरेज.' हा अल्बम आला.

विल्सनने तिची हकिगत जशीच्या तशी घेतली नाही, हे फार चांगलं केलं. त्याने एक वेगळी, काल्पनिक बाई उभी केली. मोठ्या शहरात राहायला आलेली, हळूहळू एकेक धागा सोडत जाणारी. सुरुवातीला खेळणाऱ्या मुलांचा कलकलाट आणि पियानोची एक छोटी धून. तो ट्रॅक दोनेक मिनिटांचा आहे आणि पहिल्यांदा ऐकताना कुणीही त्याला निव्वळ प्रस्तावना समजतं. मीही तसंच समजून पुढे गेले. पुढे जायला खूप काही आहेच: दहा मिनिटांचं गाणं, मग अल्बमच्याच नावाचं अगदी सुटसुटीत, रेडिओवर शोभेल असं गाणं, मग 'परफेक्ट लाइफ'.

'परफेक्ट लाइफ'मध्ये एक बाई नुसतं बोलते. आपण लहान असताना घरी काही महिन्यांसाठी एक मुलगी राहायला आली होती, ती बहिणीसारखी झाली आणि मग निघून गेली, एवढंच ती सांगते. आवाजात कुठेही रडवेपणा नाही. मागे इलेक्ट्रॉनिक ठेका चालू असतो. गेलेल्या मुलीचा चेहरा आता आठवत नाही, इथवर ती कथा येते आणि तिथून गाणं वर चढत जातं. अल्बममधलं हे सगळ्यात साधं गाणं. मला वाटतं, अख्खी गोष्ट इथेच ठरते: या बाईला विसरलं जाण्याची भीती नंतर वाटू लागलेली नाही, तिने आधी स्वतः कुणालातरी विसरून पाहिलंय.

हे मला उमगलं ते अल्बमच्या शेवटाकडून मागे वळून पाहताना. शेवटून दुसरं गाणं म्हणजे तिने भावाला लिहिलेलं पत्र. बऱ्याच दिवसांनी लिहितेय, भाच्यांसाठी काहीतरी घेऊन ठेवलंय, असा मजकूर. आता झोप येतेय, राहिलेलं उद्या लिहीन, असं म्हणून पत्र तिथेच थांबतं. या गाण्याच्या तोंडाशी पावसाचा आवाज येतो आणि त्यात पहिल्या ट्रॅकमधली पियानोची धून पुन्हा वाजते. ज्याला ती आठवते, त्याला कळतं की पत्र पूर्ण होणार नाही. शब्दांत हे कुठेही सांगितलेलं नाही. ज्याला आठवत नाही, त्याच्यासाठी ते भावाला लिहिलेलं एक हळवं गाणं राहतं, तेही सुंदरच, पण ऐकू येते ती गोष्ट निराळी. त्यानंतर मुलांच्या समूहस्वरात अल्बम विरतो.

आता तीच धून पुन्हा पहिल्या ट्रॅकमध्ये ऐकून बघा. ती प्रस्तावना उरत नाही. ऐकणाऱ्याला सगळं आधीच माहीत झालेलं असतं आणि तो मुलांच्या कलकलाटातून चालत पुन्हा त्या बाईच्या आयुष्यात शिरतो. तीनदा ऐकण्याची अट मी घालते ती यासाठी.

याच अल्बममधल्या 'रिग्रेट #९'बद्दल थोडं. त्यात कुणी गात नाही. आधी अ‍ॅडम होल्झमन मूग सिंथेसायझरवर लांबलचक सोलो वाजवतो, मग गथ्री गोवन गिटारवर. प्रॉगला नावं ठेवणाऱ्यांचा सगळ्यात जुना आक्षेप हाच, की वादक आपलं कसब मिरवत बसतात. कसब आहेच. पण इथे बाईचं बोलणं बंद झालेलं आहे, तिच्याकडे सांगायला कुणी उरलेलं नाही, आणि गोष्ट तर पुढे न्यायची आहे. मग ती वाद्यांनी न्यायची, दुसरा मार्ग नाही. गोवनच्या गिटारमध्ये जो ताण चढत जातो तो ऐकताना बोटांच्या वेगाकडे लक्ष जात नाही. सोलो चांगला की नुसता लांब, याची माझी कसोटी तीच: वाजवणारा आठवत राहिला, की काय घडलं ते आठवत राहिलं.

विल्सनच्या आधी २१ वर्षं, १९९४ मध्ये, मॅरिलियन या ब्रिटिश बँडने 'ब्रेव्ह' केला होता. त्याची सुरुवातही एका बातमीतून झाली: सेव्हर्न नदीवरच्या पुलावर एक मुलगी भटकताना सापडली, ती काही बोलायलाच तयार नव्हती, आणि ती कोण हे शोधायला रेडिओवरून आवाहन केलं गेलं. गायक स्टीव्ह होगार्थने ते ऐकलं होतं. दोन्ही अल्बम लागोपाठ ऐकले की दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न दिसतो: जिच्याबद्दल बातमीत दोन ओळी आल्या, तिच्या आयुष्याची बाकीची पानं कुणी लिहायची? तासाभराचा अल्बम हे त्याला दिलेलं उत्तर मला फार माणुसकीचं वाटतं. चार मिनिटांच्या गाण्यात त्या मुलीची दया आली असती. इतक्या वेळात तिची ओळख होते.

आठवणीच्या भरवशावर किती लांबचा पल्ला मारता येतो, याचं टोकाचं उदाहरण ड्रीम थिएटर या अमेरिकन बँडचं आहे. १९९२ च्या 'इमेजेस अँड वर्ड्स'मध्ये 'मेट्रोपोलिस' या गाण्याचा पहिला भाग आला. दुसरा भाग आला तो १९९९ मध्ये, 'सीन्स फ्रॉम अ मेमरी' हा अख्खा अल्बम होऊन. पहिल्या भागातले वाद्यांचे तुकडे त्यात जागोजागी डोकावतात. त्याच्या शेवटी रेकॉर्डच्या खरखरीसारखा आवाज येतो आणि २००२ चा पुढचा अल्बम त्याच खरखरीतून सुरू होतो. अशी साखळी त्यांनी २००५ च्या 'ऑक्टाव्हेरियम'पर्यंत चालवली.

पण मला सांगायचंय ते ड्रमर माइक पोर्टनॉयबद्दल. दारूचं व्यसन सोडताना अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या ज्या बारा पायऱ्या असतात, त्यांवर त्याने एकच मोठी रचना लिहायला घेतली आणि ती पाच अल्बमांत वाटली. २००२ मध्ये 'द ग्लास प्रिझन', पुढच्या वर्षी 'धिस डाइंग सोल', मग 'द रूट ऑफ ऑल ईव्हल', 'रिपेन्टन्स' आणि २००९ मध्ये 'द शॅटर्ड फोर्ट्रेस'. एका तुकड्यातली धून दुसऱ्यात येते, आधीचे शब्द नंतर वेगळ्या चालीत भेटतात. शेवटचा तुकडा तर जवळजवळ सगळा आधीच्यांच्या आठवणींनीच विणलाय. व्यसनातून बाहेर येणं हे असंच असणार. मागे टाकलेलं पुन्हा पुन्हा समोर येतं आणि दर वेळी त्याच्याशी नव्याने वागावं लागतं. हे सांगायला सात वर्षं घेणारी रचना मला अगदी योग्य वाटते. ज्यांनी ती त्या त्या वर्षी ऐकली, त्यांचीही सात वर्षं तिच्यात मुरली.

२०१० मध्ये पोर्टनॉय बँडमधून बाहेर पडला, आणि पाचही भाग सलग वाजवायचे राहून गेले. ते वाजले २०१७ मध्ये. त्याच्यासोबत मंचावर होते हेकन या तरुण ब्रिटिश बँडमधले वादक. हेकनच्या 'द माउंटन'मधलं 'कॉक्रोच किंग' ज्यांनी ऐकलंय, त्यांना ही निवड किती बरोबर होती हे वेगळं सांगायला नको. त्या गाण्यातला किरकोळ वाटणारा झुरळांचा राजा हेकनने नंतर 'व्हेक्टर' आणि 'व्हायरस' अशा दोन अल्बमांत पुन्हा आणला. २०२३ मध्ये पोर्टनॉय ड्रीम थिएटरमध्ये परतला.

आता मात्रांचं. नव्याने ऐकणारा सगळ्यात जास्त इथे अडखळतो, कारण पाय चारच्या चालीने हलायला लागतो आणि गाणं भलतीकडेच सम दाखवतं. टूल या अमेरिकन बँडचं 'लॅटरॅलस' (२००१) याबाबतीत सगळ्यांच्या तोंडी असतं. गाण्याच्या सुरुवातीच्या शब्दांतली अक्षरं मोजली तर एक, एक, दोन, तीन, पाच, आठ अशी चढतात आणि मग पाच, तीन अशी उतरतात. ही फिबोनाचीची मालिका, जिच्यात प्रत्येक संख्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज असते. मधला ठेका नऊ, आठ आणि सात अशा फेऱ्यांचा आहे, आणि ९८७ ही संख्याही त्याच मालिकेतली. हे कळल्यावर ऐकणाऱ्याला जो आनंद होतो तो खरा आनंद आहे. मात्रा मोजणारे कोरडे आणि डोळे मिटून ऐकणारे रसिक, अशी विभागणी काहीजण करतात, ती मला अजिबात पटत नाही. मोजणारा माणूस कान देऊन ऐकत असतो. कुणीतरी इतक्या बारकाईने रचलेलं इतक्याच बारकाईने वाचणं, ही दाद नव्हे तर काय?

तरी माझं मन ओढलं जातं ते गॅव्हिन हॅरिसनकडे. तो विल्सनच्या पोर्क्युपाइन ट्री या बँडचा ड्रमर. 'इन अ‍ॅब्सेन्शिया'मधल्या (२००२) 'द साउंड ऑफ म्युझॅक'ची कडवी सात मात्रांची आहेत, आणि माहीत नसेल तर कळतसुद्धा नाही. कुठे धक्का बसत नाही, कुठे एक मात्रा कापल्यासारखी वाटत नाही. हॅरिसनने ठेक्याच्या भासांवर पुस्तकं लिहिली आहेत. मूळ लय जागची हलत नाही, फक्त आघात एक घर सरकवले, की कानाला वाटतं लयच सरकली. या युक्तीचा त्याला पुरता अभ्यास आहे. पण तो ती दाखवत नाही. ऐकणाऱ्याला फक्त एवढंच जाणवतं, की गाणं कुठेतरी पुढे झुकलेलं आहे, सरळ उभं राहत नाहीये. मग कधीतरी चालता चालता, गाणं वाजत नसताना, बोटं सातची आवर्तनं वाजवायला लागतात. कान ज्या गोष्टीवर अडले होते ती शरीराने शिकून घेतलेली असते.

याच बँडचा 'फिअर ऑफ अ ब्लँक प्लॅनेट' २००७ चा. गोळ्या, पडदे आणि कंटाळा यांत बधिर झालेली किशोरवयीन मुलं हा विषय. त्याच्या मधोमध सुमारे अठरा मिनिटांचं 'अ‍ॅनेस्थेटाइझ' आहे, ज्यात रश या बँडचा गिटारिस्ट अ‍ॅलेक्स लाइफसन एक सोलो वाजवून जातो. अल्बम एकूण पन्नासेक मिनिटांचा, आणि ही मर्यादा मला फार महत्त्वाची वाटते. व्हिनाइलच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं चांगली मावत, त्यामुळे जुन्या बँडना काटछाट करावीच लागे. सीडीवर ऐंशी मिनिटं मावू लागली आणि अनेकांनी ती भरली. लांबी म्हणजे खोली असा समज झालेले अल्बम या शैलीत आहेत आणि ते कंटाळवाणे आहेत, हे मान्य करायला या संगीतावर प्रेम करणाऱ्यांनी कचरू नये. ड्रीम थिएटरचा २०१६ चा 'द अस्टॉनिशिंग' ३४ ट्रॅकचा, दोन तासांहून मोठा आहे. त्यांच्या सुरांवर माझा इतका जीव असूनही तो माझ्या आत उतरला नाही. धुना परत येतात, पण त्या परत याव्यात अशी ओढ लागण्याइतक्या आधी रुजलेल्या नसतात. आठवणीवर रचना करायची तर आधी आठवावंसं काहीतरी द्यावं लागतं.

ट्रान्सअटलांटिक या बँडने २०२१ मध्ये यावर एक मजेदार तोडगा काढला. 'द अ‍ॅब्सोल्यूट युनिव्हर्स' दोन रूपांत काढला, एक सुमारे तासाभराचा, एक दीड तासाचा. छोटा हा मोठ्याची नुसती कात्री लावलेली प्रत नाही, त्यात काही ठिकाणी शब्द आणि गाणारेही वेगळे आहेत. मला छोटा जास्त आवडतो. मोठा आवडणाऱ्यांशी माझा वाद होतो, आणि असे वाद व्हावेत म्हणूनच त्यांनी दोन्ही काढले असावेत असं वाटतं.

ऐकणाऱ्यांबद्दल बोलायचं तर मॅरिलियनकडे पुन्हा यावं लागतं. १९९७ मध्ये त्यांना अमेरिकेत दौरा करायचा होता आणि पाठीशी पैसा नव्हता. तिथल्या चाहत्यांनी आपसांत इंटरनेटवरून साठेक हजार डॉलर जमवले आणि दौरा घडवून आणला. कल्पना चाहत्यांचीच, बँडने मागितलं नव्हतं. त्यावरून धडा घेऊन बँडने २००१ चा 'अनोरॅकनोफोबिया' रेकॉर्ड व्हायच्या आधीच विकायला काढला आणि बारा हजारांहून जास्त लोकांनी, एक सूरही न ऐकता, पैसे भरले. आज लोकवर्गणीतून काही करणं ही रोजची बाब झाली आहे. तेव्हा ती नव्हती. २००४ च्या 'मार्बल्स'च्या विशेष आवृत्तीत तर आगाऊ पैसे भरणाऱ्यांची नावं छापली आहेत.

हे नेमकं याच संगीताच्या श्रोत्यांनी का केलं, याचा मी बराच विचार केलाय. माझं उत्तर असं: ज्या श्रोत्याला अल्बम पूर्ण करायला स्वतःचं काहीतरी घालावं लागतं, तो त्या अल्बमला आपलाही समजतो. धून कुठून आली हे त्याने जपून ठेवलेलं असतं, ती परत आल्यावर अर्थ त्याच्या मनात तयार होतो. इतकं दिल्यावर पैसे देणं ही पुढची अगदी साधी पायरी आहे.

श्रोत्यांचं दुःखसुद्धा त्यामुळे वेगळ्या जातीचं असतं. पोलंडच्या रिव्हरसाइडचा गिटारिस्ट पिओतर ग्रुजिन्स्की फेब्रुवारी २०१६ मध्ये अचानक गेला. बँड उरलेल्या तिघांचा म्हणून चालू राहिला आणि २०१८ मध्ये 'वेस्टलँड' आला. जग बेचिराख झाल्यानंतर वाचलेल्यांची गोष्ट, असा त्याचा विषय. आधीचे अल्बम ज्यांच्या कानात आहेत त्यांना तिथे एक गिटार ऐकू येत नाही, आणि तिचं ऐकू न येणं सतत ऐकू येतं. बँडने त्यावर फार बोलायची गरज पडली नाही.

बिग बिग ट्रेनचा गायक डेव्हिड लाँगडन नोव्हेंबर २०२१ मध्ये गेला. त्याचं 'ईस्ट कोस्ट रेसर' मी कितीही वेळा ऐकू शकते. मॅलार्ड या वाफेच्या इंजिनाने ३ जुलै १९३८ रोजी ताशी १२६ मैलांचा वेग गाठला, वाफेच्या इंजिनांचा विक्रम, त्यावरचं हे पंधरा मिनिटांहून मोठं गाणं. रेल्वेवर गाणं आणि तेही इतकं लांब, असं वाटून अनेकजण ऐकत नाहीत. ऐकायला हवं. ते गाणं इंजिनापेक्षा ते घडवणाऱ्या, त्यात कोळसा भरणाऱ्या, रुळांची काळजी घेणाऱ्या हातांचं आहे. पियानोच्या घाईघाईच्या स्वरांपासून सगळं हळूहळू जमा होत जातं, ब्रास वाद्यं येतात, आणि बऱ्याच मिनिटांच्या बांधणीनंतर लाँगडनचा आवाज, इंजिन आता उडतंय, अशा अर्थाचे दोन शब्द घेऊन वर जातो. तो क्षण कापून वेगळा ऐकवला तर काहीच होत नाही. मी कुणाकुणाला तसा ऐकवून बघितलाय. वेग जाणवण्यासाठी आधी सुटायला वेळ लागलेला असावा लागतो.

विल्सनबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण आजच्या श्रोत्यांचे कान घडवण्यात तिचा मोठा वाटा आहे. किंग क्रिमसन, येस, जेथ्रो टल, जेंटल जायंट अशा जुन्या बँडचे मूळ ध्वनिमुद्रणाचे ट्रॅक घेऊन त्याने अल्बमांचे नवे मिक्स केले. जुन्या रेकॉर्डमध्ये एकमेकांत मिसळून गेलेली वाद्यं त्यात सुटी सुटी ऐकू येतात. हे काम करताना तो जे शिकला ते त्याच्या २०१३ च्या 'द रेव्हन दॅट रिफ्यूज्ड टू सिंग'मध्ये दिसतं. ध्वनिमुद्रणाला अ‍ॅलन पार्सन्स होते, पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'चे ध्वनिमुद्रक. त्यात मेलोट्रॉन वाजतो. हे वाद्य म्हणजे प्रत्येक पट्टीखाली टेपची एक फीत, तिच्यावर आधीच मुद्रित केलेला व्हायोलिनचा किंवा बासरीचा स्वर. पट्टी दाबली की फीत सरकते आणि साधारण आठ सेकंदांनी संपते. स्वर धरून ठेवायला मर्यादा असलेलं वाद्य. शीर्षकगीतात एक म्हातारा आहे, त्याची बहीण लहानपणीच गेलेली, आणि समोर आलेला डोमकावळा म्हणजे तीच असं त्याला वाटतंय. मेलोट्रॉनचा तो किंचित थरथरणारा, मुळात कधीतरी पूर्वी कुणीतरी वाजवून ठेवलेला स्वर त्या म्हाताऱ्याच्या गाण्यात ऐकताना मला दर वेळी भरून येतं.

ओपेथ या स्वीडिश बँडचा वाद थोडक्यात. २०११ च्या 'हेरिटेज'पासून गायक मिकाएल ओकेरफेल्टने घशातून काढलेला तो खर्जातला गुरगुरता आवाज सोडला, चार अल्बम निव्वळ स्वच्छ गळ्याने गायला, आणि त्याचे श्रोते दोन गटांत विभागले गेले. २०२४ च्या 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट'मध्ये तो आवाज परत आला. एका घराण्यातल्या मृत्युपत्राचं वाचन असा विषय, गाण्यांना नावांऐवजी कलमांचे क्रमांक, फक्त शेवटच्या गाण्याला नाव. जेथ्रो टलचा इयन अँडरसन त्यात निवेदन करतो आणि बासरीही वाजवतो. जुने चाहते खूश झाले ते समजण्यासारखं आहे. पण मधल्या चार अल्बमांशिवाय हा आवाज इतका परिणाम करू शकला नसता, असं माझं ठाम मत आहे. चार अल्बमांत न ऐकलेला आवाज पहिल्यांदा आला, तेव्हा मी जागची उठून उभी राहिले.

सुरुवात कुठून करावी, हे विचारणाऱ्यांसाठी. 'इन अ‍ॅब्सेन्शिया' घ्या, कारण त्यातली गाणी सुटी ऐकली तरी चालतात आणि ठेक्यांची ओळख अलगद होते. मग 'हँड. कॅनॉट. इरेज.', सलग, ट्रॅक पुढेमागे न करता. पहिल्या वेळी शब्द वाचू नका, दुसऱ्या वेळी नक्की वाचा. शफल बंद ठेवा, आणि दोन ट्रॅकच्या मध्ये तुमचा प्लेअर शांतता घालत असेल तर ती सेटिंगमध्ये जाऊन घालवा, नाहीतर जोडलेली गाणी तुटतात. 'सीन्स फ्रॉम अ मेमरी' त्यानंतर.

विल्सनचा २०२५ चा 'द ओव्हरव्ह्यू' मात्र शेवटी ठेवा. त्यात दोनच ट्रॅक आहेत, सगळी मिळून ४२ मिनिटं. अंतराळातून पृथ्वी पाहिल्यावर अंतराळवीरांच्या मनात जो बदल होतो, त्यावरचा हा अल्बम. पहिल्या ट्रॅकच्या एका भागाचे शब्द एक्सटीसी या बँडच्या अँडी पार्ट्रिजचे आहेत: खाली माणसांच्या रोजच्या बारीकसारीक अडचणी, आणि त्याच वेळी वर ताऱ्यांची उलथापालथ. दुसऱ्या ट्रॅकमध्ये एक बाई शांतपणे वाढत्या आकारांची यादी वाचत जाते. पहिल्याच्या सुरुवातीच्या स्वरांकडे नीट लक्ष द्या. तेवीस मिनिटांच्या त्या ट्रॅकमध्ये त्यांना किती वेगवेगळे कपडे घातले जातात ते मोजण्यात दोन-तीन वेळा ऐकणं सहज निघून जाईल. आवडला की नाही ते त्यानंतर सांगा.